सुई आत जाताना पायात काय झालं?

२००१ साली फेलिसिटी रेनॉल्ड्स या ब्रिटिश भूलतज्ज्ञ बाईंनी सात रुग्णांची हकिगत एका लेखात एकत्र मांडली. सातही स्त्रिया. सहा बाळंतपणासाठी आलेल्या, एक दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी. सगळ्यांना पाठीतून भूल दिलेली, तीही पेन्सिलीसारख्या टोकाच्या बारीक सुईने, जी सौम्य म्हणून मुद्दाम निवडली जाते. सुईतून मज्जाद्रव विनाअडथळा आला होता. एक अपवाद सोडला तर भूल छान चढली होती. आणि तरीही भूल उतरल्यावर सगळ्यांच्या एका पायाचा काही भाग बधिरच राहिला. सहाजणींचं पाऊल लुळं पडलं, तिघींना लघवीचा त्रास सुरू झाला. एमआरआय केल्यावर सहाजणींच्या मज्जारज्जूच्या खालच्या टोकात, ज्या बाजूचा पाय गेला त्याच बाजूला, एक छोटी पोकळी दिसली. हे सगळं वाचून कळतं, त्यामागचं शरीरशास्त्रही समजतं. पण त्या लेखातलं एक वाक्य पाठ सोडत नाही. सातही जणींना सुई आत जाताना दुखलं होतं.

म्हणजे शरीराने सांगितलं होतं. वेळेवर, योग्य बाजूचं, आणि औषध आत जायच्या आधी.

त्या काही सेकंदांत टेबलावर काय चालू असतं ते डोळ्यांसमोर आणून बघा. रुग्ण पाठ वाकवून, हनुवटी छातीला टेकवून बसलेला किंवा कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला. समोरून कोणीतरी खांदे धरलेले. डॉक्टर पाठीमागे, म्हणजे ना त्यांना रुग्णाचा चेहरा दिसतो, ना रुग्णाला त्यांचे हात. आणि सूचना एकच, पुन्हा पुन्हा: अजिबात हलू नका. बाळंतीण असेल तर मध्येच कळ येते, ती ओसरेपर्यंत सगळे थांबतात. अशा वेळी पायातून चमक गेली तर माणूस दात-ओठ खाऊन गप्प राहतो. सुई म्हणजे दुखणारच, असं त्याने धरून ठेवलेलं असतं. खरं तर सुई त्वचेपासून मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत साधारण चार ते सहा सेंटिमीटर जाते आणि त्या प्रवासात दुखण्याच्या जाती वेगवेगळ्या असतात. त्वचा बधिर करणाऱ्या औषधाची आग काही सेकंदांची. मणक्यांमधले स्नायुबंध भेदताना येतो तो दाब, बोथट. हाड लागलं तर ठणका, पण पाठीतच. या तिन्हींची काळजी नको. चौथी जात वेगळी आहे: मांडीतून, पोटरीतून किंवा कुल्ल्यातून खाली धावत जाणारा विजेचा झटका, एकाच बाजूला. हा झटका म्हणजे सुईचं टोक एखाद्या नसेला लागलं आहे किंवा अगदी शेजारी आहे. सुई टोचण्याआधी हे चार प्रकार रुग्णाला सांगायला अर्धं मिनिट पुरतं. ‘हलू नका, पण पायात चमक गेली तर लगेच बोला, आणि कुठल्या पायात तेही सांगा’ एवढं वाक्य ऐकलेला रुग्ण गप्प राहत नाही.

झटका आला म्हणजे नस गेली असं मुळीच नाही. पाठीतल्या भुलेत सुमारे सहा टक्के रुग्णांना तो जाणवतो असं एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे काहीही होत नाही. कमरेच्या खालच्या भागात मज्जारज्जू संपलेला असतो. तिथे नसांची मुळं मज्जाद्रवात सुटी तरंगत असतात आणि सुईला बाजूला होऊन वाट देतात. धोका पुढच्या पायरीवर आहे. सुईचं टोक नसेत किंवा रज्जूत असताना औषध सोडलं, तर दोन-तीन मिलिलिटर द्रव ऊतींना आतून फाडत जागा करतो. रेनॉल्ड्स यांच्या रुग्णांमध्ये दिसलेली पोकळी रज्जूच्या आतच होती. म्हणून नियम साधा आहे. झटका आला की हात थांबला पाहिजे. बाजू विचारायची, उजवीकडे झटका म्हणजे सुई मध्यरेषेच्या उजवीकडे सरकली आहे. झटका क्षणात विरला आणि मज्जाद्रव येत असेल तर पुढे जाता येतं, पण औषध अगदी हळू, रुग्णाशी बोलत. झटका टिकून असेल तर सुई पूर्ण बाहेर काढून दिशा बदलायची किंवा खालची फट घ्यायची. औषध सोडताना दुखलं तर त्या जागी आणखी एक थेंबही नाही. ‘मज्जाद्रव आलाय ना, मग ठीक आहे’ हा दिलासा किती पोकळ आहे, ते त्या सात केसेसनी दाखवलं. पेन्सिल-टोकाच्या सुईचं छिद्र टोकाच्या थोडं मागे, बाजूला असतं. त्या छिद्रातून द्रव यायला टोकाला आणखी पुढे जावं लागतं. रज्जू जवळ असेल तर तेवढं अंतर पुरेसं आहे.

फ्रान्समध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शरीराचा एखादा भाग बधिर करणाऱ्या १,०३,७३० भुलांची नोंद होती. मज्जासंस्थेच्या इजेच्या ३४ घटनांपैकी २१ मध्ये सुई टोचताना झिणझिण्या किंवा औषध सोडताना वेदना झाली होती, आणि नसेच्या मुळाला झालेली इजा त्याच पट्ट्यात होती जिथे ती चमक गेली होती. याहून नेमका नकाशा कुठलं यंत्र देणार?

पण रज्जू तिथे येतोच कसा? पाठ्यपुस्तक सांगतं की प्रौढांत तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खालच्या फटीत सुई घातली की झालं. फट मोजायची पद्धत जुनी आहे: कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या मणक्यावरून किंवा चौथ्या-पाचव्याच्या फटीवरून जाते, तिथून वर मोजायचं. २००० साली ब्रिटनमध्ये १०० रुग्णांवर हे तपासलं गेलं. भूलतज्ज्ञांनी पाठीवर खूण करून तिची पातळी सांगितली आणि मग एमआरआयने खरी पातळी पाहिली. बरोबर निघाली फक्त २९ टक्के. ५१ टक्क्यांत खूण समजल्यापेक्षा एक फट वर होती, काहींत तर चार फटी वर. त्याच रुग्णांपैकी १९ टक्क्यांचा रज्जू पहिल्या मणक्याच्या खाली उतरलेला होता. दोन्ही चुका एकाच माणसात जमल्या की दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधली फट समजून घातलेली सुई थेट रज्जूसमोर उभी राहते. स्थूल शरीरात ही चूक वाढते, आणि गरोदरपणात तर कमरेची कमान आणि कडा दोन्ही बदललेल्या असतात. म्हणून तिसऱ्या मणक्याच्या वर सुई नाहीच, हा जुना नियम रेनॉल्ड्स यांनी पुन्हा बजावला. हल्ली अल्ट्रासाउंडने त्रिकास्थीपासून, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडापासून, वर मणके मोजून फट ठरवता येते. यंत्र खोलीत असताना ते न वापरण्याचं कुठलंही कारण मला पटत नाही.

आता समजा, सुई अगदी बरोबर जागी आहे. पुढचा प्रश्न तिच्यातून काय जातंय हा. नसांची मुळं मज्जाद्रवात जवळपास उघडी असतात. हातापायांतल्या नसांना असतं तसं जाड वेष्टन त्यांना नसतं, म्हणून भूल थोड्याशा औषधात चढते आणि म्हणूनच चुकीचं औषध भरून न येणारं नुकसान करतं. १९४७च्या १३ ऑक्टोबरला इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड इथे वुली आणि रो हे दोघे एकाच दिवशी, एकाच रुग्णालयात किरकोळ शस्त्रक्रियेसाठी गेले आणि कमरेखाली कायमचे लुळे झाले. न्यायालयात मान्य झालं ते कारण असं की औषधाच्या काचेच्या कुप्या फिनॉलमध्ये बुडवून ठेवलेल्या होत्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून ते आत झिरपलं. पुढे अभ्यासकांनी दुसरी शक्यता मांडली: सुया-सिरिंजा उकळायच्या भांड्यातला क्षार काढायला वापरलेलं आम्ल तसंच राहिलं असावं. कारण कुठलंही धरा, त्या खटल्याच्या बातम्यांनी ब्रिटनमध्ये पाठीतली भूल कित्येक वर्षं मागे पडली.

नंतर औषधाच्या कुपीतलं औषधच दोषी ठरलं. १९९१ साली मुख्यतः अतिशय बारीक कॅथेटरमधून, म्हणजे पाठीत ठेवलेल्या नळीतून, दिलेल्या पाच टक्के लिडोकेन या भुलेच्या औषधामुळे चार रुग्णांच्या शेवटच्या नसांचा अख्खा जुडगा निकामी झाल्याची नोंद झाली: पाय अशक्त, गुदद्वाराभोवतीची जागा बधिर, लघवी-शौचाचा ताबा गेलेला. कॅथेटर इतकं बारीक होतं की औषध जोराने बाहेर पडून मिसळत नव्हतं. साखर मिसळलेलं ते जड द्रावण त्रिकास्थीच्या खोलगट भागात साचून राहिलं, भूल अर्धवट चढली म्हणून आणखी दिलं, तेही तिथेच साचलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ती बारीक कॅथेटरं बाजारातून काढली गेली. यातून उरलेला धडा रोजच्या कामाचा आहे. भूल चढली नाही, किंवा फक्त बसायच्या जागीच बधिरपणा आहे, तर तेच औषध पुन्हा पूर्ण मात्रेत ओतायचं नाही. आधी विचारायचं की पहिलं गेलं कुठे.

याहून भीषण म्हणजे सरळ अदलाबदल. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवणारं औषध. शिरेतून देतात, प्रसूतीत आई वाचवतं. त्याची कुपी अनेक ठिकाणी पाठीतल्या भुलेच्या ब्युपिव्हाकेन या औषधाच्या कुपीसारखीच दिसते आणि शेजारीच ठेवलेली असते. ते पाठीत गेलं तर रुग्ण काही मिनिटांत सांगतो की पाय जड होत नाहीयेत, उलट कुल्ल्यांत आणि पायांत भयंकर आग होतेय. मग पाय झटके देऊ लागतात, पुढे आकडी आणि हृदयाची लय बिघडणं. नोंदवलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये यासाठी वेगळा इशारा दिला. इथेही पहिली खबर रुग्णाच्याच तोंडून येते, आणि ‘थोडं थांबा, चढेल भूल’ म्हणण्यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. त्या क्षणी टाकलेली कुपी कचऱ्यातून उचलून तिचं नाव वाचायचं. तीच असेल तर अतिदक्षतेची तयारी, आकडी रोखणारी औषधं आणि मज्जाद्रव काढून त्या जागी सलाइन भरण्याचा विचार लगेच. कर्करोगाच्या उपचारातलं व्हिन्क्रिस्टीन असंच: शिरेसाठीचं औषध, पाठीत गेलं तर जवळजवळ निश्चित मृत्यू, तोही दिवसेंदिवस वर चढत जाणाऱ्या पक्षाघाताने. ते सिरिंजमध्ये भरूनच ठेवायचं नाही, छोट्या सलाइनच्या पिशवीत मिसळून द्यायचं, म्हणजे कोणी चुकूनही पाठीच्या सुईला जोडणार नाही, हा उपाय इतका स्वस्त आहे की तो न करणं अक्षम्य वाटतं. पाठीच्या सुईला शिरेची सिरिंज बसणारच नाही अशा वेगळ्या मापाच्या जोडण्यांचं आंतरराष्ट्रीय मानक २०१६ साली आलं. आणि त्वचा पुसायचं क्लोरहेक्सिडीन? २०१० मध्ये सिडनीत एका बाळंतिणीच्या एपिड्युरलमध्ये (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत द्यायच्या भुलेत) सलाइन समजून तेच गेलं, कारण दोन्ही द्रव उघड्या वाट्यांत शेजारी होते. तिच्या मज्जासंस्थेचं नुकसान कायमचं झालं. म्हणून त्वचेसाठी ०.५ टक्क्याचं द्रावण, ते पूर्ण वाळेपर्यंत थांबणं, आणि सुईच्या ताटात उघडी वाटी नाहीच.

कंबर-मानेच्या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचं गणित आणखी वेगळं आहे. इथे नस बहुधा सुईने जात नाही, रक्तपुरवठा तुटल्याने जाते. नस बाहेर पडते त्या छिद्रातून सुई घालताना टोक एखाद्या बारीक धमनीत शिरू शकतं. मिथिलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायमसिनोलोनसारख्या औषधांत न विरघळलेले कण असतात. ते धमनीत गेले की गुठळीसारखे अडकतात आणि पुढचा रज्जू किंवा मेंदूचा भाग उपाशी मरतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये दृष्टी जाणं, पक्षाघात आणि मृत्यू यांचा इशारा या इंजेक्शनांवर छापायला लावला. मानेत त्या छिद्रातून कणयुक्त स्टेरॉइड द्यायचंच नाही. डेक्सामेथासोन कणरहित आहे, ते वापरायचं. आधी डाय (एक्स-रेवर दिसणारा द्रव) सोडून, ती पसरताना चालू एक्स-रेवर बघायची. नुसती शेवटची प्रतिमा बघितली तर धमनीतून वाहून गेलेली डाय दिसतच नाही. आणि रुग्णाला गाढ झोपवून हे करू नये. झोपलेला रुग्ण हलत नाही हे खरं, पण बोलतही नाही. पाठीतल्या भुलेत लहान मुलांचं मात्र वेगळं. जागं मूल सुईवर उसळण्याचा धोका मोठा, म्हणून त्यांना झोपवूनच देतात, आणि सरावलेल्या हातांत ते सुरक्षित ठरलं आहे.

मग येते रात्र. ज्या इजेवर खरोखर काही करता येतं, ती बहुधा वॉर्डमध्ये उघड होते, ऑपरेशन थिएटरात नाही. सुईने किंवा कॅथेटरने एपिड्युरल पोकळीतली शीर फुटली आणि रक्त गोठत नसेल, तर साचलेलं रक्त रज्जू दाबू लागतं. यात कॅथेटर काढण्याची वेळ घालण्याइतकीच नाजूक असते. पोटावर टोचली जाणारी लो-मॉलिक्युलर-वेट हेपारिनची (रक्त गोठू न देणाऱ्या एनोक्सापॅरिनसारख्या औषधाची) इंजेक्शनं प्रतिबंधक मात्रेत असतील तर शेवटच्या मात्रेनंतर किमान १२ तास, उपचाराच्या पूर्ण मात्रेत असतील तर २४ तास जाऊ द्यायचे. ही वेळ केसपेपरवर मोठ्या अक्षरात हवी, नाहीतर सकाळच्या पाळीत कोणीतरी सद्भावनेने कॅथेटर ओढतं. दाब वाढू लागल्याची खूण फसवी असते, कारण ती भुलेसारखीच दिसते: पाय जड, लघवी होत नाही. पाठ दुखेलच असंही नाही. नातेवाईक म्हणतात अजून उतरली नाही वाटतं, नर्सही तेच म्हणते, आणि तास निघून जातात. साचलेलं रक्त पक्षाघात सुरू झाल्यापासून आठ तासांच्या आत काढलं तर पाय परत येण्याची शक्यता चांगली असते, नंतर झपाट्याने कमी होते. त्यासाठी ब्रिटनमधल्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमधली चाचणी मला फार आवडते, कारण ती कोणालाही करता येते. शेवटच्या औषधानंतर चार तासांनी रुग्णाला सांगायचं, गुडघा न वाकवता टाच पलंगावरून वर उचला. दोन्ही पायांनी, एकेक करून. उचलता आली नाही तर भूलतज्ज्ञांना बोलवायचं, त्याच वेळी. सुटलेला पाय पुन्हा जड होऊ लागला तर चार तासांचीही वाट नको. पू साचण्याचा धोका मात्र दिवसांनी डोकं वर काढतो: ताप, वाढत जाणारी पाठदुखी, मग अशक्तपणा. घरी गेलेल्या रुग्णाला हे कोणी सांगितलेलं नसतं.

इतकं लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, कारण पाठीतल्या सुईवर तिच्या वाट्याचं नसलेलं खापरही पुष्कळ फुटतं. शिकागोतल्या २००३च्या पाहणीत सुमारे एक टक्का बाळंतिणींना पायाच्या नसेचा त्रास आढळला, आणि बहुतेकींत त्याचं मूळ बाळंतपणातच होतं: बाळाचं डोकं ओटीपोटातल्या नसेवर दाबलं जाणं, किंवा कळा देताना मांड्या फार वेळ पोटाशी दुमडून धरणं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळव्याएवढा बधिर पट्टा, ताकद शाबूत, असं असेल तर ती त्वचेची नस आहे आणि ती बहुधा काही आठवड्यांत सुटते. पाऊल लुळं पडलं तर एक साधी तपासणी बरंच सांगते. रुग्णाला पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा. ते जोर लावून वळत असेल तर नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पाय अडकवायच्या पट्ट्यात दबलेली असण्याचा संभव जास्त. वळत नसेल तर इजा वर, कमरेच्या पाचव्या मुळाशी शोधा. ईएमजीची (स्नायू-नसांच्या विद्युत तपासणीची) वेळही महत्त्वाची. नस तुटल्याच्या खुणा स्नायूंत दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्या दिसल्या तर तो आजार सुईच्या आधीचा आहे. म्हणून एक तपासणी लगेच आणि एक तीन आठवड्यांनी करावी. लघवी किंवा दोन्ही पाय गुंतले असतील तर मात्र ईएमजीची वाट बघायची नाही, एमआरआय त्याच दिवशी. आणि वर्षानुवर्षं ठणकणारी कंबर? तिचा संबंध एपिड्युरलशी लागत नाही, हे वारंवार दिसून आलं आहे.

ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००६-०७ मध्ये केलेल्या मोजणीत वर्षाला ७,०७,४५५ अशा भुला धरल्या होत्या. कायमची इजा, सगळ्या शंका भुलेच्या विरुद्ध धरूनही, लाखात ४.२; शंकेचा फायदा दिला तर लाखात २. सुरुवातीला गंभीर वाटलेल्या इजांपैकी सुमारे दोनतृतीयांश पूर्ण बऱ्या झाल्या. हे आकडे भूल घेणाऱ्या प्रत्येकाला सांगायला हवेत, धीर येतो. त्या लाखातल्या चौघांच्या घरी मात्र त्यांचा उपयोग नाही. तिथे पाऊल जमिनीवर घासू नये म्हणून घोट्याचा ब्रेस लागतो, बधिर टाचेवर जखम होऊ नये म्हणून रोज रात्री आरसा धरून तळवा बघावा लागतो, जळजळीसाठी अमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिन कमी मात्रेपासून वाढवत न्यावं लागतं, लघवी पूर्ण होत नसेल तर दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालायला शिकावं लागतं. तुटलेली नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर त्याने भागून पाहिलं की घरच्यांना ‘अजून किती दिवस’ याचं उत्तर मिळतं, आणि ते ऐकवणं सोपं नसतं.

या माणसांना पुढे कधीतरी पुन्हा भूल लागतेच. पाठीतली भूल कायमची बाद झाली असं सरसकट समजायचं कारण नाही. एमआरआयमध्ये काय आहे, त्रास स्थिर आहे की वाढतोय, पूर्ण भुलेचा धोका किती, यावर ते ठरतं. त्यासाठी पहिल्या वेळचा तपशील हाताशी हवा: कुठली फट, कुठल्या जातीची आणि मापाची सुई, किती प्रयत्न, झटका आला तो कुठल्या पायात, सुई जाताना की औषध सोडताना, कुठलं औषध किती मिलिलिटर, बधिरपणा किती तासांनी गेला. हा कागद रुग्णाने रुग्णालय सोडण्यापूर्वी मागून घ्यावा, तो त्याचा हक्क आहे. आणि पुढचा निर्णय शस्त्रक्रियेच्या सकाळी टेबलावर नको. दोन-तीन आठवडे आधी भूलतज्ज्ञांची वेगळी भेट घ्यावी आणि हा कागद, एमआरआय आणि ईएमजी समोर ठेवून तो त्या भेटीत व्हावा.